सुईच्या आधीचा फोटो

इंझोरीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या रिकाम्या वावरात मांडव घातला होता आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोटारसायकली पार धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत लागल्या होत्या. गर्दी पोहरादेवीच्या यात्रेसारखी, फरक एवढाच की इथे जवळपास प्रत्येकाच्या काखेत एक मोठा चौकोनी लिफाफा होता. कोणाच्या लिफाफ्यात कंबर, कोणाच्या लिफाफ्यात मान, कोणाच्यात मेंदू. आमच्याकडे एमआरआयला कोणी एमआरआय म्हणत नाही. एक्स-रे म्हणजे साधा फोटो आणि एमआरआय म्हणजे मोठा फोटो.

स्टेजवर पारदर्शी महाराज बसले होते. बाजूला दवाखान्यात असतो तसा, मागून उजेड येणारा पांढरा बोर्ड. समोर पितळी पट्ट्यांची एक लाकडी पेटी. माइक धरायला त्यांचा चेला लखन.

"ते मशीन किती आवाज करते?" महाराज म्हणाले. "धडाड धडाड! अरे, माझा राम आवाज करतो का? एमआरआय एमआरआय म्हणत पळता, अर्थ माहीत आहे का? एम म्हणजे माझा. आर म्हणजे राम. आणि आय? आय म्हणजे आय! आपली जन्म देणारी आय! माझा राम हीच माझी आय!"

मांडवात टाळ्यांचा पाऊस. माझ्या शेजारचा म्हातारा हळहळून म्हणाला, "पाह्य बाप्पा. मले आजलोक वाटे का ते इंग्रजी हाये."

मी जगदेव. राहतो आसेगावला. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि मंगरूळपीरच्या बाजारात नेतो. मी त्या मांडवात गेलो होतो ते वैजयंतीसाठी. वैजयंती माझी धाकटी मेहुणी. माझी बायको पंचफुला तिची मोठी बहीण. पंचफुला आता नाही. गेल्या पोळ्याच्या आधी ती गेली.

वैजयंतीचं असं झालं होतं की आधी पाठीत दुखायचं, मग पायांना मुंग्या यायच्या, मग पाय जड पडायला लागले. सपाट अंगणात ती ठेचकाळायची. कंबरेचा साधा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. शेवटी तिचा नवरा हरीओम तिला वाशिमला घेऊन गेला. मोठा फोटो निघाला आणि त्यात गाठ निघाली. पाठीच्या कण्याच्या मधे जी नळी असते, तिच्या आत, खांद्यांच्या थोडी खाली. अकोल्याच्या सर्जननं सांगितलं की गाठ साधी दिसते, पण ती आतल्या मज्जेच्या दोऱ्याला दाबते आहे. काढावी लागेल आणि लवकर काढावी लागेल. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. तेवढ्यात तिची सासू गोमतीबाई हिला कोणीतरी पारदर्शी महाराजांचं नाव सांगितलं.

"वैजयंतीबाई हरीओम!" लखननं पुकारलं.

दोन बायांनी तिला काखेत धरून स्टेजवर चढवलं. लिफाफा सकाळीच 'अभिषेकाला' जमा केला होता. महाराजांनी त्यातली एक फिल्म काढून बोर्डावर लावली. शिडीसारखे मणके दिसले आणि मधल्या नळीत भिजलेल्या चण्याएवढी पांढरीशुभ्र गाठ.

"हा बघा राक्षस! कोणी घातला हा? मशीनवाल्यांनी! मधेच बाहेर काढून हाताला सुई टोचली होती का नाही, बेटी?"

"टोचली होती," वैजयंती म्हणाली.

"झालं! सुईतून गाठ आत गेली. आता ती रामाच्या पेटीतून बाहेर येणार."

फिल्म पेटीत ठेवली. झाकण लावलं. कापूर पेटला, आरती सुरू झाली. महाराज गरजले, "डोळे मिटा! जो उघडेल, त्याच्या पाठीत ही गाठ जाईल!"

आता पाठ कोणाला प्यारी नसते? सगळ्यांनी डोळे मिटले. खरं सांगतो, मीही मिटले.

डोळे उघडले तेव्हा पेटी उघडी होती आणि बोर्डावर फिल्म होती. तीच शिडी, तेच मणके, कोपऱ्यात कुंकवाचं ठसठशीत बोट आणि पांढरी गाठ गायब. महाराजांनी हरीओमला वर बोलावलं. "तू शिकलेला आहेस. नाव वाच."

हरीओमनं वाचलं. नाव वैजयंतीचंच होतं. वयही तिचंच. त्यानं तिथेच पेटीला हात जोडले. गोमतीबाईनं स्टेजवर लोटांगण घातलं. महाराज म्हणाले, "चाल बेटी!" आणि वैजयंती दोन बायांच्या आधारानं चालली. "चालली! चालली!" म्हणून मांडव उठला. ती आली होती तेव्हाही अशीच चालत आली होती, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

बाहेर मोटारसायकलपाशी पेढे वाटणं सुरू होतं. वैजयंती माझा हात धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, माह्या पायात चप्पल हाये का?"

मी खाली पाहिलं. एका पायात होती. दुसरा पाय तापलेल्या मातीवर उघडा टेकला होता आणि तिला ते कळत नव्हतं.

"तुले चटका नाही लागून राह्यला?"

"कायचा चटका?" ती म्हणाली.

मी गोमतीबाईला म्हटलं, "मावशी, अकोल्याची तारीख सोडू नका."

"जगदेवभाऊ, गाठ गेली आता. गेलेली गाठ काढाले अकोल्याले काहून जाऊ? डोळ्यानं पाह्यलं ना तुमी?"

पाहिलं तर होतं. म्हणजे मिटलेल्या डोळ्यानं पाहिलं होतं.

घरी आलो आणि ट्रंकेतून पंचफुलाचा लिफाफा काढला. तिला आधी छातीचा कॅन्सर झाला होता, मग तो पाठीत उतरला. डॉक्टरांनी तेव्हा काही लपवलं नाही. तिचेही मोठे फोटो निघाले होते. मी ते कधी नीट पाहिले नव्हते. माणूसच समोर होतं, फोटो कोण पाहतो. आता एकेक फिल्म काढून खिडकीशी धरली. एका फिल्ममध्ये तिच्याही नळीत पांढरी गाठ होती. दुसरी धरली. त्यात पांढरं काहीच नाही. तेच मणके, वर पंचफुलाचंच नाव.

मी बराच वेळ ती साफ फिल्म धरून उभा राहिलो. पंचफुला तर कोणत्या महाराजाकडे गेलीच नव्हती. मग हिची गाठ कोणी गायब केली होती? आणि गाठ गेली होती तर माझी बायको कुठे गेली होती?

दुसऱ्या दिवशी वांगी बाजारात टाकली आणि लिफाफा घेऊन वाशिमला गेलो. जिथे वैजयंतीचा फोटो निघाला होता, तिथे फोटो वाचणाऱ्या डॉक्टर निकिता मॅडम आहेत. मी त्यांना दोन्ही फिल्म दाखवल्या आणि इंझोरीची सगळी हकिकत सांगितली. 'माझा राम हीच माझी आय' ऐकून त्या हसल्या. चपलेचं ऐकून त्यांचं हसणं थांबलं.

"काका, त्यांना लघवी लागल्याचं कळतं का?"

"ते मी कसं इचारू?"

"विचारायलाच लागेल. पाय पूर्ण लुळे पडले, लघवीचा ताबा गेला, की नंतर गाठ काढूनही ते परत येईलच असं नाही. आज दोऱ्यावर दाब आहे. जितका काळ राहील तितका दोरा मरेल."

मी इंझोरीला, वैजयंतीच्या सासरी फोन केला. गोमतीबाई म्हणाली, "डॉक्टर तर म्हननच. त्यायचं दुकान हाये." हरीओम म्हणाला, "भाऊ, माही मती काम करत नाही. मशीनचा फोटो खरा का पेटीचा? दोन्हीवर तिचंच नाव हाये." आणि वैजयंतीला मी विचारलं, तेव्हा तिनं आवाज एकदम खाली आणला. मग म्हणाली, "कळत नाही भाऊजी. लुगडं सारखं धुवावं लागते. आत्याले सांगतलं नाही म्या." सासूला ती आत्या म्हणते.

मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता नुसतं समजावून होणार नाही. पुढची बैठक कधी आहे?"

महाराजांचा नियम होता की ज्यांची गाठ सुटली त्यांनी पुढच्या बैठकीत येऊन साक्ष द्यायची. म्हणजे वैजयंती तिथे येणार होती. मी म्हटलं, "मॅडम, मीबी एक लिफाफा जमा करतो."

बैठकीच्या दिवशी सकाळी मी लखनकडे पंचफुलाचा लिफाफा दिला. त्यानं आत डोकावून पाहिलं, फिल्म सराईतपणे चाळल्या आणि म्हणाला, "चालते. आज होईन तुमचं." माझ्या पुढच्या माणसाला त्यानं परत पाठवलं होतं, "तुमची वेळ आली नाही, अमावास्येले या." माझी वेळ कशी काय आली, ते मॅडममुळे तेव्हा मला माहीत होतं आणि त्याला वाटत होतं की त्यालाच माहीत आहे.

मॅडम स्कूटीवर आल्या. तोंडाला पांढरा स्कार्फ, हातात लांब मोजे. रस्त्यावरच्या निम्म्या बाया तशाच दिसतात, त्यामुळे त्या सरळ बायांमध्ये जाऊन बसल्या. वैजयंतीला हरीओमनं पाठीवर घालून आणलं. या खेपेला ती दोघींच्या आधारानंही उभी राहत नव्हती. लखननं तिला मागे, खांबाआड बसवलं. साक्ष द्यायला ती काही शोभून दिसत नव्हती.

माझं नाव पुकारलं.

"रोगी कोण?" महाराजांनी विचारलं.

"बायको हाये माही. पंचफुला."

"कुठे आहे?"

"तिले येता येत नाही, महाराज."

यात मी एक अक्षर खोटं बोललो नाही.

"नसू दे! रामाला अंतर नाही. फोटो बस आहे." पांढऱ्या गाठीची फिल्म बोर्डावर लागली. पंचफुलाच्या पाठीकडे सगळा मांडव पाहत होता. मला ते बरं वाटलं नाही, पण ती असती तर पहिली म्हणाली असती की दाखवा. पेटी, कापूर, आरती, डोळे मिटा. मी या खेपेला मिटले नाहीत. महाराजांनी झाकणाच्या आतल्या बाजूची पट्टी अंगठ्यानं दाबली, तळाची फळी वर उचलली, तिच्याखालची फिल्म वर काढली आणि आधीची खाली सरकवली. हात इतका साफ, की माझ्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला ठेवला असता.

डोळे उघडले. गाठ गायब. टाळ्या.

"जा जगदेव!" महाराज म्हणाले. "घरी जा. बाई ठणठणीत झाली! उद्या बघ, टोपलं घेऊन तुझ्या आधी मळ्यात जाईल!"

मी माइक मागितला. लखननं आनंदानं दिला. त्याला वाटलं मी जयजयकार करणार.

"महाराज," मी म्हटलं, "तिले जाऊन वर्स होत आलं. माह्याच हातानं म्या तिले अग्नी देला."

चालू टाळ्या मधेच थांबल्या. मागे एक लेकरू रडत होतं, तेही थांबलं. महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं, पण माणूस पक्का. दोन्ही हात वर करून म्हणाले, "मला ठाऊक होतं! म्हणून तर सांगतो, तिच्या आत्म्याची गाठ सुटली! आत्मा मोकळा झाला!"

आणि लोक माना डोलवायला लागले, बघा. मागच्या खेपेला माझ्या शेजारी बसलेला म्हातारा "असू शकते बाप्पा, असू शकते" म्हणू लागला. मला वाटलं, संपलं. याच्यापुढे काय बोलणार?

तेवढ्यात खांबाआडून वैजयंतीचा आवाज आला. बसल्या जागेवरून, पण चांगला खणखणीत.

"महाराज, मंग माही कोन्ती सोडली? पाठीची का आत्म्याची? आत्म्याची सोडली असन तर परत बांधा. मी जित्ती हाये अजून!"

आधी एक बाई फिसकन हसली. मग दहा हसल्या. मग मांडव हसला. ज्या माणसावर लोक हसतात त्याला लोक भीत नाहीत. हरीओम स्टेजवर चढला, पेटी उचलली आणि उलटी केली. तळाची फळी निघून पडली आणि तिच्याबरोबर पंचफुलाची पांढऱ्या गाठीची फिल्म खाली आली.

"अरे, थांबा!" लखन ओरडला आणि थांबा म्हणता म्हणता स्वतःच निघाला. पोरांनी त्याला धुऱ्यावर धरला.

निकिता मॅडमनी स्कार्फ सोडला आणि वर आल्या. त्यांनी पंचफुलाच्या दोन्ही फिल्म शेजारी शेजारी बोर्डावर लावल्या, पर्समधली हात धुवायची बाटली काढली आणि साफ फिल्मच्या कोपऱ्यावरचं कुंकू पुसलं. खाली तारीख आणि वेळ छापलेली होती.

"हरीओमदादा, मोठ्यानं वाचा. दोन्हींवरचं वाचा."

हरीओमनं वाचलं. तारीख एकच. वेळ मात्र साफ फिल्मची आधीची होती आणि गाठीच्या फिल्मची नंतरची.

"म्हंजे..." तो म्हणाला, "गाठ गेल्याचा फोटो गाठीच्या आधीच निंगाला?"

"हो. दोन्ही त्याच दिवशी, त्याच मशीनमधून निघाले. यांनी फक्त क्रम उलटा केला. सुईच्या आधीचा फोटो नंतर दाखवला आणि नंतरचा आधी. वेळ झाकायला कोपऱ्यात कुंकू, आणि वैजयंतीच्या फिल्मचंही हेच केलं."

गोमतीबाई पुढे आली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "पण सुईच्या आंधी गाठ नव्हती, हे तर खरं ना? मंग सुईनंच आली नं ते!"

मी सांगतो, त्या मांडवात शंभर लोकांच्या मनात हाच प्रश्न होता. महाराजांची सगळी विद्या या एका प्रश्नावर उभी होती.

मॅडम चिडल्या नाहीत. "मावशी, काळी म्हैस अंधाऱ्या गोठ्यात बसली आहे. तुम्ही दारात उभ्या. दिसते का?"

"नाही दिसत."

"बॅटरी मारली. दिसली. आता बॅटरीनं म्हैस आणली का?"

"बॅटरीनं कशी येईन? ते आंधीच बसेल होती."

"तसंच. त्या सुईत औषध असतं. ते रक्तातून जातं आणि गाठीत जास्त साचतं, म्हणून फोटोत गाठ उजळून पांढरी दिसते. किती मोठी, नळीत नेमकी कुठे, दोऱ्याच्या आत का बाहेर, हे सर्जनला त्यावरून कळतं. आणि हे बघा." त्यांनी साफ फिल्मवर बोट ठेवलं. "इथेही गाठ आहेच. पांढरी नाही, एवढंच. हा दोरा कसा एका बाजूला दाबला गेला आहे, दिसतो? कोण दाबतं आहे त्याला?"

गोमतीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि बोर्डाजवळ नाक नेलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हैस हाये," ती म्हणाली.

मग ती वळली आणि महाराजांकडे अशी गेली की त्यांनी आसन सोडून पळायची वाट शोधली. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की पोलीस आले तेव्हा महाराजांना हायसं वाटलं. लखन आधी कुठल्याशा शहरात असल्याच मशीनवर कामाला होता, हे तिथेच कळलं. म्हणून तो सकाळी लिफाफे चाळायचा. ज्यात सुईच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो असतील त्यांचाच 'नंबर' लागायचा. बाकीच्यांना अमावास्या. जादूटोण्याच्या विरोधातला कायदा आपल्या राज्यात आहे. हरीओमनं त्याच कलमाखाली तक्रार दिली.

वैजयंतीला मात्र त्याच दुपारी गाडीत घालून अकोल्याला नेलं. सर्जन चिडले, मग कामाला लागले. गाठ निघाली आणि ती कॅन्सरची नव्हती. दोरा किती जागा होईल ते वेळच सांगेल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. खोटा भरवसा त्यांनी दिला नाही.

मला लोक विचारतात, "जगदेवभाऊ, तुमच्या बायकोचाबी फोटो काढला होता, ते तर वाचली नाही. मंग मशीनचा काय फायदा?" बरोबर विचारतात. मशीन कोणाला वाचवत नाही. मशीन जे आहे ते दाखवतं. पंचफुलाच्या बाबतीत जे होतं ते वाईट होतं, आणि आम्हाला ते खरं कळलं. म्हणून आम्हा दोघांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं. वैजयंतीच्या बाबतीत जे होतं त्याच्यावर इलाज होता, आणि तो पेटीत अडकला होता.

तेव्हा बाबांनो, फोटो दाखवायचा तर ज्याला तो वाचता येतो त्याला दाखवा. कोणी म्हटलं रोग गेला, तर नवा फोटो कुठे काढला, कधी काढला, कोणत्या मशीनवर, हे विचारा. डॉक्टरलाही विचारा, लाजू नका. आणि कोणी डोळे मिटा म्हटलं, तर तेवढ्या वेळापुरते तरी ते नक्की उघडे ठेवा.

मी भेटायला गेलो तेव्हा वैजयंती खाटेवर पाय पसरून बसली होती आणि एकदम किंचाळली. हरीओम धावला, नर्स धावली.

"काय झालं वो?"

"मुंगी!" ती रडत होती आणि हसत होती. "माह्या अंगठ्याले मुंगी चावली! भाऊजी, मले कळली!"

गोमतीबाईनं ताबडतोब पदराची गाठ सोडली. आत मोहरी आणि मिरच्या होत्या. "थांब माय, आंधी तुही दृष्ट काढतो."

"काढा आत्या, खुशाल काढा," वैजयंती म्हणाली. "पण टाके डॉक्टरच काढतीन."